नंबरप्लेटमागची बाटली

चावी फिरवली की आमच्या व्हॅनच्या टेम्परेचरच्या काट्याखाली एक लाल ठिपका तीन-चार सेकंद लुकलुकतो आणि विझतो. दिवा जिवंत आहे हे चालवणाऱ्याला कळावं म्हणून ती सोय मुळातच केलेली आहे. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी बाहेर दोन डिग्री होतं, मुलगी मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, आणि ठिपका विझेचना. दहा मिनिटांनी, शाळेच्या वळणावर, आपोआप बंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

गाडीबद्दल आधी थोडं सांगते. ती १९८८ची आहे, फोक्सवॅगनची टी-३. इथले लोक तिला लाडानं ‘बुली’ म्हणतात. १९७९ पासून १९९० पर्यंत या गाड्या आमच्याच गावात, हॅनोव्हरच्या श्टोकेन भागातल्या कारखान्यात बनत होत्या. तीस वर्षांवरच्या जपलेल्या गाडीला जर्मनीत नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं, आणि हॅनोव्हरच्या गाड्यांचा नंबर सुरूच ‘एच’नं होतो. त्यामुळे आमच्या पाटीवर दोन्ही टोकांना एच. इंजिन १.९ लिटरचं, ७८ हॉर्सपॉवर, आणि ते मागे, डिकीच्या फरशीखाली. रेडिएटर मात्र पार पुढे, नाकात. मधे गाडीच्या पोटाखालून लांबलचक पाइप गेलेले. म्हणून हिच्या पोटात कूलंटही, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भरपूर मावतं, १७ लिटरच्या आसपास. साध्या मोटारीच्या दुप्पट-तिप्पट. एवढ्या पाण्यातलं थोडं कमी झालं तर पत्ता लागणं अवघड, आणि त्यासाठीच तो लाल ठिपका आहे.

पाणी बघायला मी मागची नंबरप्लेट खाली ओढली. हो, नंबरप्लेट. ती एका झडपेवर बसवलेली असते आणि झडपेमागे तेलाची काठी आणि कूलंटची बाटली असते. बाटलीवर मिन आणि मॅक्सच्या खुणा. पाणी मॅक्सच्याही बोटभर वर होतं. मला हायसं वाटलं. पाणी आहे, म्हणजे दिव्यात काहीतरी बिघाड.

मिरजेला फोन लावला. अण्णांनी पंचवीस वर्षं मॅटॅडोर चालवली. मिरजेहून भाजी घेऊन रत्नागिरीला जायचं, आणि सिझनला आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढून परत यायचं. आता चौऱ्याहत्तरचे आहेत, गाडी कधीच विकली, पण गाडीचं नाव काढलं की आवाज बदलतो.

“काटा कुठं हाय?”

“मधोमध आहे अण्णा. ठिपक्यावरच. नेहमीसारखा.”

“डिझेलचा काटा?”

“पेट्रोलवर आहे आपली. तो पण बरोबर दाखवतोय.”

हा प्रश्न मला आधी कळलाच नव्हता. दोन्ही काट्यांना एकाच ठिकाणाहून, एका बारक्या स्टॅबिलायझरमधून, ठरावीक व्होल्टेज मिळतं. तो बिघडला किंवा मीटरची अर्थिंग सैल झाली तर दोन्ही काटे एकदमच खोटं बोलू लागतात. एकच खरा आणि एक खोटा असं सहसा होत नाही. अण्णांना त्या तुकड्याचं नाव माहीत नव्हतं, पण मॅटॅडोरमधे दोन काटे जोडीनं चढलेले त्यांनी बघितले होते.

“पाणी बघितलंस?”

“हो, बाटलीत मॅक्सच्या वर आहे.”

“कुठल्या बाटलीत?”

मला ऑफिसला उशीर होत होता. “अहो, आहे तिथल्या बाटलीत,” म्हणाले, संध्याकाळी बोलते म्हणाले, आणि फोन ठेवला. त्यांचा प्रश्न तिथंच राहिला. पुढचे पंधरा दिवस मी इकडेतिकडे जे काही केलं ते त्या एका प्रश्नाचं उत्तर न दिल्यामुळे.

शनिवारी गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथल्या माणसानं बॉनेटसुद्धा न उघडता, म्हणजे इथं डिकीची फरशी न उचलता, हेड गॅस्केट गेलं असणार म्हणून सांगितलं. इंजिन उतरवावं लागेल, खर्च हजारांत. भीती अगदीच निराधार नव्हती. या इंजिनाच्या प्रत्येक हेडभोवती, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाभोवती, पाणी अडवायला वेगळं रबरी गॅस्केट असतं, आणि वर्षानुवर्षं कूलंट बदललं नाही तर त्या कडेला ॲल्युमिनियम खंगत जातं. आधीच्या मालकानं शेवटी शेवटी नळाचं पाणी ओतलेलं होतं हे मला ठाऊक होतं. पण मला पुरावा हवा होता. मी त्याला गॅसची तपासणी करायला सांगितली. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावाची एक नळी बसवतात आणि इंजिन चालू ठेवतात. सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्यात शिरत असेल तर निळा द्राव पिवळा पडतो. वीस मिनिटं मी त्या नळीकडे बघत उभी होते. निळा तो निळाच राहिला. बाहेरच्या बाजूनं हेडच्या कडाही कोरड्या होत्या. इंजिन उतरवायचं काही कारण उरलं नाही.

मग अशाच जुन्या व्हॅनवाल्या एका ओळखीच्या माणसानं दुसरं टोक गाठलं. ते सेन्सर सगळ्यांचेच बिघडतात, प्लग काढ, दोन टोकांत वायरचा तुकडा घाल आणि विसरून जा. बऱ्याच टी-३मधे असा तुकडा घातलेला असतो म्हणे.

वायरचा तुकडा मी घातला, पण तपासणीपुरता. ही तपासणी सोपी आहे आणि कुणीही करावी. इंजिनाशेजारी एका कडेला एक गोलसर पारदर्शक टाकी असते, तिच्या डोक्यावर सेन्सर. सेन्सर म्हणजे दोन धातूच्या काड्या, बस. दोन्ही काड्या कूलंटमधे बुडालेल्या असल्या की द्रावातून बारीकसा करंट जातो आणि दिवा गप्प राहतो. पातळी खाली गेली, काड्या उघड्या पडल्या, की दिवा लुकलुकतो. म्हणजे प्लग काढला की दिवा लागायला हवा, आणि प्लगमधली दोन टोकं वायरनं जोडली की विझायला हवा. माझा विझला. याचा अर्थ डॅशबोर्डमागचं, दिवा चालू-बंद करणारं छोटं रिले ठीक, मागून पुढे आलेल्या वायरी ठीक. दोष उरला तो सेन्सरपाशी.

इथं माझी चूक झाली. ‘सेन्सरपाशी’ याचे दोन अर्थ होतात. एक, सेन्सर खराब आहे. दुसरा, सेन्सर चांगला आहे आणि खरोखरच कोरडा पडलाय. बाटलीत पाणी बघितलेलं असल्यामुळे दुसरा अर्थ माझ्या मनातच आला नाही.

गाडी रात्रभर थंड होऊ दिली. टाकीचं झाकण हळूहळू फिरवलं. (गरम असताना हे झाकण कधीही उघडू नये. आत साधारण १ बार दाब असतो, झाकण सुटलं की शंभर डिग्रीच्या वरचं पाणी एकदम उसळतं. अण्णांच्या उजव्या मनगटावर त्याची खूण आहे, साखरप्याच्या अलीकडे मिळालेली. तेव्हापासून ते झाकणावर ओलं पोतं टाकूनही अर्धा तास थांबायचे.) टाकी अर्धीच भरलेली होती, आणि मला ते बरोबर वाटलं. आमच्या दुसऱ्या, नव्या मोटारीत टाकी अशीच असते, अर्धी पाणी अर्धी हवा. सेन्सर काढला. काड्यांवर पांढरट खर जमली होती. जुन्या टूथब्रशनं आणि व्हिनेगरनं घासून लखलखीत केली. काम करताना थोडं कूलंट सांडलं, म्हणून शेवटी त्याच निळ्या जातीचं, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण ओतून टाकी गळ्यापर्यंत भरून टाकली.

दिवा बंद. दुसऱ्या दिवशी बंद. आठवडाभर बंद. मी घरात सगळ्यांना सांगितलं, खर होती, घासली, गेलं.

दोन गोष्टी मी एका दमात केल्या होत्या. काड्या घासल्या आणि टाकी भरली. दिवा कशामुळे विझला हे त्यामुळे मला कळणं शक्यच नव्हतं, आणि मी मला आवडलेलं उत्तर उचललं. घासण्याआधी तोच मळका सेन्सर प्लगसकट एका ग्लासभर कूलंटमधे बुडवून बघितला असता तर अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता. हे मी नंतर करून बघितलं, व्हिनेगर न लावलेल्या दुसऱ्या एका जुन्या सेन्सरवर. त्याच्यावरही तशीच खर होती. बुडवला की दिवा विझे, उचलला की लागे. तेवढी खर त्याला आडवी येत नव्हती.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही हार्त्सच्या डोंगरात गेलो. हॅनोव्हरपासून शंभरेक किलोमीटरवर बाड हार्त्सबुर्ग, आणि तिथून तोर्फहाउसपर्यंत सरळ चढ, पाचशे मीटरहून जास्त. सह्याद्रीतल्या घाटासारखी वळणं नाहीत, पण थांबायला जागा न देता सलग वर नेणारा रस्ता आहे. चौघं माणसं, पाण्याची पिंपं, गॅस, अंथरुणं. तिसऱ्या गिअरवर इंजिन चांगलंच तापलं, रेडिएटरचा पंखा लागला, काटा मधल्या ठिपक्याच्या थोडा वर गेला आणि पठारावर आल्यावर खाली आला. दिवा शांत होता. रात्री कँपसाइटवर उणे तीन.

सकाळी हीटर लावायला म्हणून इंजिन चालू केलं आणि ठिपका लुकलुकला. थांबला नाही.

आता मात्र मी इंजिन लगेच बंद केलं. वायरचा तुकडा घालून का ठेवायचा नाही, ते त्या क्षणी मला पोटातून कळलं. टेम्परेचरचा काटा ज्या सेन्सरवर चालतो तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी संपून त्याच्याभोवती नुसती हवा आणि वाफ राहिली तर काटा मधेच, अगदी शहाण्यासारखा उभा राहू शकतो, आणि इकडे हेड वाकतं. पाणी तापलंय हे काटा सांगेल. पाणीच नाही हे सांगणारा दिवा एकच. तोच मी आंधळा करणार होते, आणि मागच्या सीटवर मुलं बसतात, त्यांच्या पाठीमागे इंजिन.

मिरजेत दुपार झाली होती. अण्णांनी व्हिडिओवर बघायला मागितलं.

“आदी बाटली दाव.”

नंबरप्लेट ओढून दाखवली. मॅक्सच्या दोन बोटं वर. गेल्या वेळेपेक्षा जास्त.

“आता दुसरी टाकी. झाकणाची. थंड हाय न्हवं?”

रात्रभर उणे तीनमधे उभी असलेली गाडी. मी झाकण उघडलं आणि फोन वर धरला. टाकीत चार बोटं रिकामी जागा होती. सेन्सरच्या काड्या हवेत.

“बघ,” अण्णा म्हणाले. “बाटलीत वाढलंय, टाकीत कमी झालंय. पाणी भाईर जातंय, पन माघारी येत न्हाई. येक तर झाकान, न्हाईतर मधली नळी.”

मॅटॅडोरला त्यांनी स्वतः अशी बाटली बसवून घेतली होती, तेव्हाची गोष्ट ते सांगत होते. तत्त्व एकच. इंजिन तापलं की पाणी फुगतं. जास्तीचं पाणी झाकणातून, एका बारीक नळीनं, बिनदाबाच्या बाटलीत जातं. इंजिन निवलं की पाणी आक्रसतं, टाकीत पोकळी तयार होते, झाकणातली दुसरी उलटी झडप उघडते आणि तीच नळी बाटलीतलं पाणी परत ओढून घेते. म्हणून टी-३ची दाबाची टाकी नव्या मोटारीसारखी अर्धी नसते. ती थंड असतानाही काठोकाठच भरलेली असायला हवी. वरखाली व्हायचं ते बाटलीनं. ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती, आणि अर्धी टाकी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून बरोबर म्हणून सोडून दिली होती.

नळीला कुठंतरी चीर असेल तर काय होईल? दाबानं जाताना बरंचसं पाणी बाटलीत पोचेल, थोडं चिरेतून गरम इंजिनावर थेंब थेंब पडून वाळून जाईल. जमिनीवर डाग म्हणून दिसणार नाही. आणि निवताना टाकी ओढेल ती सोपी वस्तू, चिरेतली हवा. दर तापण्या-निवण्याला टाकीत थोडी हवा जमा. गार सकाळी पाणी सगळ्यात जास्त आक्रसलेलं, म्हणून दिवा सकाळी. दहा मिनिटांत पाणी फुगून काड्यांना टेकलं की दिवा बंद. माझ्या हातात पहिल्या दिवसापासून असलेली प्रत्येक खूण इथं जागेवर बसली. मॅक्सच्या वर गेलेली बाटलीसुद्धा.

नळी काढली. करंगळीहून बारीक, दिसायला धड. एका टोकाला अंगठा दाबून धरला, दुसऱ्या टोकाला मुलीच्या सायकलचा पंप लावला, वर भांडी घासायच्या साबणाचं पाणी चोळलं. (तोंडानं फुंकायचा मोह आवरा. कूलंट गोडसर लागतं आणि विषारी असतं. सांडलेलंही पुसून घ्यावं, कुत्री-मांजरं चाटतात. आमच्या शेजारच्या तंबूत एक कुत्रं होतं.) टाकीच्या तोटीवर नळी चढते त्या टोकापासून दीड सेंटीमीटरवर फेस आला. नळी सरळ असताना चीर मिटलेली, किंचित वाकवली की ओठांसारखी उघडायची. बसवलेली असताना ती बरोबर तिथंच वाकते.

पुढचं काम दहा मिनिटांचं. चाकूनं ते टोक दोन-अडीच सेंटीमीटर कापून टाकलं, उरलेली नळी तोटीवर घट्ट बसवून क्लॅम्प आवळला, टाकी काठोकाठ भरली. बाटलीतलं जास्तीचं पाणी काढून दोन खुणांच्या मधोमध आणलं. घरी आल्यावर नवीन नळी आणून अख्खी बदलली, मीटरभर, चारपाच युरोची. हवा कुठं अडकून राहिली नसावी म्हणून गाडीचं नाक उंच करून, हीटर पूर्ण उघडा ठेवून, पुढची जाळी काढून रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल केला आणि बुडबुडे थांबून नुसतं पाणी येईपर्यंत थांबले. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असलेल्या या गाडीत एवढ्या लांब पाइपांत हवा राहणं सोपं असतं.

त्या संध्याकाळी अण्णांशी दीड तास बोलले. गाडीचं झालं, मग मॅटॅडोरचं निघालं. मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी मला इथं आल्यावर कळली. टेम्पो ही मुळात हॅम्बुर्गची कंपनी. मॅटॅडोर हे तिच्याच एका गाडीचं नाव, १९४९ पासूनचं. त्या कंपनीशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो उभी राहिली, आणि आपण मराठीत भाजीच्या, दुधाच्या, वऱ्हाडाच्या प्रत्येक गाडीला जे ‘टेम्पो’ म्हणतो तो शब्द तिथून आला. पुढे ती हॅम्बुर्गची कंपनी हानोमागनं घेतली, आणि हानोमाग म्हणजे आमच्या हॅनोव्हरची, लिंडेनमधली. तिच्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत, माझी ट्राम त्या बाजूनं जाते. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे माझी गाडी तुझ्या गावचीच की.”

नवीन नळी घातल्यापासून ६०० किलोमीटर झाले. बाटलीवर मार्करनं रेघ मारून ठेवली आहे. संध्याकाळी गरम असताना पाणी रेघेच्या बोटभर वर असतं, सकाळी बरोबर रेघेवर. दाबाची टाकी काठोकाठ. चावी फिरवली की ठिपका तीन-चार सेकंद लुकलुकतो आणि विझतो, आणि तो विझेपर्यंत मी गिअर टाकत नाही.

काल अण्णांना हे आकडे वाचून दाखवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“झाकनाचं रबर बदललंस का?”

नाही बदललं. झाकण वरून चांगलं दिसत होतं. फोन चालू ठेवूनच खाली गेले, गाडी थंड होती, झाकण फिरवून उलटं केलं. रबर एका बाजूला चपटं होऊन कडक झालंय, नख रुतत नाही. सोमवारी आणते.